"पाच मिनिटांत बसतो ना, आई!"

संध्याकाळचे सात. दप्तर उघडलेलं आहे, गणिताची वही टेबलावर आली आहे, पुस्तक मात्र अजून दप्तरातच आहे. पेन सापडतं, पण ते उमटत नाही. मग पेन्सिलला टोक काढायचं. मग पाणी प्यायचं. मग आधी गणित की आधी विज्ञान, याचा विचार. मग बाईंनी नेमकी कुठली उदाहरणं दिली होती ते मित्राला विचारायला हवं, म्हणजे फोन हवा. फोन हातात येतो आणि पावणेआठ वाजतात. स्वयंपाकघरातून आवाज येतो, "बसलास का रे?" उत्तर ठरलेलं असतं.

दहावीच्या वर्षात हे घरोघरी चालतं आणि घरोघरी त्याला एकच नाव मिळतं, आळस. निदान इथेच चुकतं, आणि निदान चुकलं की औषधही चुकतं. गणपतीच्या मखरासाठी रात्री बारापर्यंत पुठ्ठे कापत बसणारा मुलगा आळशी नसतो. दोन-दोन तास रांगोळीवरून न उठणारी मुलगी आळशी नसते. चिकाटी अंगात आहेच. ती एका ठरावीक कामापाशी येऊन अडते, आणि कुठे अडते ते शोधता येतं.

काम टाळलं की लगेच बरं वाटतं, ही चालढकलीची खरी मेख आहे. वर्गसमीकरणांचं पान उघडलं की पोटात कालवतं. येईल का? किती वेळ जाईल? मागच्या चाचणीत तर वीसपैकी सहा पडले होते. वही बाजूला सारली की ते कालवणं थांबतं. हा सुटकेचा क्षण मनाला बक्षिसासारखा वाटतो, आणि बक्षीस मिळालेली गोष्ट मन पुन्हा करतं. त्यामुळे चालढकलीत वेळेचं गणित चुकण्याचा भाग थोडा असतो, नकोशा भावनेपासून पळण्याचा मोठा. अशा वेळी दारात उभं राहून ओरडलं तर त्या वहीभोवतीची नकोशी भावना आणखी दाट होते. मूल बसतं, पण डोळे पुस्तकावर आणि चित्त भलतीकडेच.

घोडं पेंड खातं ते बहुतेक वेळा सुरुवातीलाच. दहा मिनिटं काम पुढे सरकलं की तेच मूल अर्धा तास सहज बसतं. म्हणून आईबाबांनी आणि शिक्षकांनी आपला सगळा जोर पहिल्या पाच मिनिटांवर लावावा.

पहिली ओळ कुठली?

"अभ्यासाला बस" हे वाक्य घरातून काढून टाका. त्याच्या जागी एकच प्रश्न विचारा: "वहीत आता पहिली ओळ कुठली लिहिणार आहेस?" आवाजात चौकशी असावी, उलटतपासणी नको. मूल काय उत्तर देतं त्यावरून अडचण कुठल्या जातीची आहे ते कळतं.

"माहीत नाही, गणित करायचंय" असं उत्तर आलं तर काम फार मोठं आणि मोघम आहे. "मला ते येतच नाही" असं आलं तर मागची एखादी पायरी निसटलेली आहे. "प्रयोगवही उतरवायचीय, बोअर आहे" असं आलं तर काम समजलेलं आहे, फक्त कंटाळवाणं आहे. आणि मूल पहिली ओळ अगदी नीट सांगतं, पण लिहायला घेतलं की पान फाडतं, शीर्षक तीन रंगांत रेखाटतं, एक खाडाखोड झाली म्हणून सगळं पुन्हा लिहितं, तर तिथे चुकण्याची भीती आहे. या चारही अडचणी बाहेरून सारख्याच दिसतात. चारही मुलं आपल्याला टंगळमंगळ करतानाच दिसतात. पण मोघमपणाचं औषध भीतीला लागू पडत नाही, आणि कंटाळ्याचं औषध न येण्याला तर मुळीच नाही.

मोघम काम सगळ्यांत जास्त आढळतं, म्हणून ते जवळून पाहू. "बीजगणिताचा दुसरा धडा करायचा" हे काम नाही, ते महिनाभराचं ओझं आहे. "अवयव पद्धतीच्या सरावसंचातली तीन उदाहरणं" हे काम झालं. आणि सुरुवात म्हणजे त्यातल्या पहिल्या उदाहरणाची पहिली कृती. समजा उदाहरण आहे क्ष² + ८क्ष − ४८ = ०. पहिली ओळ उदाहरण उतरवण्याची. दुसरी ओळ, गुणाकार ४८ येणाऱ्या जोड्या: १ आणि ४८, २ आणि २४, ३ आणि १६, ४ आणि १२, ६ आणि ८. ४८ च्या आधी उणे चिन्ह आहे, म्हणजे जोडीतली एक संख्या धन आणि दुसरी ऋण. म्हणून ज्या जोडीत ८ चा फरक आहे ती हवी: १२ आणि ४. मधलं पद अधिक आहे, म्हणून मोठी संख्या धन. (क्ष + १२)(क्ष − ४) = ०, आणि उत्तरं −१२ आणि ४.

जोड्यांची ती ओळ लिहिताना मुलाकडे नीट पाहा. १ आणि ४८, २ आणि २४ इथपर्यंत येऊन हात थांबला, ३ आणि १६ सुचलंच नाही, तर अडचण वर्गसमीकरणांची नाहीच, पाढ्यांची आहे. या मुलाला दहावीचं गणित डोंगराएवढं वाटतं, कारण प्रत्येक उदाहरणात त्याला दोन कामं एकदम करावी लागतात. त्याला आठवडाभर रोज दहा मिनिटं १२ ते १९ चे पाढे, तेही उलटे विचारून द्या: ४८ कुठल्या कुठल्या पाढ्यात येतात, ७२ कुठे, ९६ कुठे. मग बघा, तोच सरावसंच किती हलका होतो ते. पुष्कळ मुलांना आपण दोन दोन वर्षं आळशी म्हणत राहतो आणि उणीव असते ती सातवीतली, पंधरा दिवसांत भरून निघण्यासारखी. याचं फार वाईट वाटतं. चिन्हांची चूक असेल तर तीही अशीच वेगळी काढावी. "अधिक गुणिले उणे" यावर वीस छोटी उदाहरणं, दोन दिवस, बस्स.

इतिहासाचं मोघमपण वेगळ्या तऱ्हेचं असतं. "धडा वाचला" म्हणजे काय झालं, हे मुलालाही सांगता येत नाही. त्यामुळे वाचन कधी संपतच नाही, आणि न संपणारं काम सुरू करावंसं वाटत नाही. ते प्रश्नांच्या रूपात द्या. बोर्डाच्या पेपरात प्रश्न येतात ते टीपा लिहा, संकल्पनाचित्र पूर्ण करा, विधान सकारण स्पष्ट करा अशा रूपात. मग आजचं काम असं: एक टीप, चार ओळींत, पुस्तक मिटून. मग पुस्तक उघडून लाल पेनाने सुटलेला मुद्दा भरायचा. संपलं, आणि संपल्याचं मुलाला दिसतं.

निबंधात मुलं पहिल्या वाक्यावर अडतात. तिथे सोपा तोडगा आहे, पहिलं वाक्य शेवटी लिहायचं. कच्च्या वहीत विषयाशी जोडलेले सात-आठ शब्द, त्यातला जो आवडेल त्याच्यावर मधला परिच्छेद, मग बाकीचं. सुरुवात आपोआप सुचते, कारण तोपर्यंत आपण काय म्हणणार आहोत ते समोर आलेलं असतं.

प्रयोगवही आणि प्रकल्पवही या कंटाळ्याच्या खात्यातल्या. तिथे एकच गोष्ट साधायची, ढीग होऊ द्यायचा नाही. बारा प्रयोग उतरवायचे राहिले आणि एकेकाला आकृतीसकट पंचवीस मिनिटं लागतात, तर ते पाच तासांचं काम झालं. एका रात्रीत ते होत नाही, झालं तरी आकृत्या वेड्यावाकड्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात डुलक्या. रोज एक, जेवणानंतरच्या सुस्तीच्या वेळात, रेडिओ किंवा गाणी लावून. हे गाणी लावून करायचं काम आहे, गणित नाही. डोकं ताजं असतानाचा तास अशा उतरवण्यावर घालवणं ही मोठी उधळपट्टी आहे, आणि मुलं नेमकं तेच करतात, कारण सोपं काम आधी केलं की अभ्यास झाल्यासारखा वाटतो.

भीतीच्या मुलासाठी कच्ची वही हाच उतारा. त्यात खाडाखोड चालते, अक्षर कसंही चालतं, पान फाडायचं मात्र नाही. पक्क्या वहीत नंतर. सहा महिने पक्क्याच वहीत पहिला प्रयत्न करायला लावलेल्या मुलीला प्रत्येक ओळ परीक्षेसारखी वाटू लागते.

पाच मिनिटांचा करार

आता पाच मिनिटांबद्दल. मुलाशी करार करा: फक्त पाच मिनिटं बस, नंतर उठायचं असेल तर खुशाल ऊठ. बहुतेक मुलं उठत नाहीत, कारण कालवणं असतं ते सुरू करण्यापूर्वीचं, सुरू केल्यावर ते ओसरतं. पण एखाद्या दिवशी मूल खरंच उठलं, तर त्याला खरंच उठू द्या. "बसलाच आहेस तर आता तासभर बस" असं एकदा म्हटलंत की करार मोडला. मुलं अशी फसवणूक दोन दिवसांत ओळखतात आणि तिसऱ्या दिवशी पाच मिनिटांनाही बसत नाहीत. पाच मिनिटांनी उठलेल्या मुलाला अर्ध्या तासाने पुन्हा पाच मिनिटं मागता येतात.

सवय लागल्यावर वेळ लावून बसायचं. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती ही पद्धत इटलीच्या फ्रांचेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, स्वतःसाठी काढली. त्यांच्याकडे स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ होतं, म्हणून तिला पोमोदोरो, म्हणजे टोमॅटो, हेच नाव पडलं. पद्धत चांगली आहे, पण २५ हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. पाचवी-सहावीच्या मुलाला १२ ते १५ मिनिटं पुरे. नववीत २५. दहावीत दिवाळीनंतर हळूहळू ४० वर आणि जानेवारीत आठवड्यातून दोनदा सलग दोन तासांवर न्यायला हवं, कारण गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांचा प्रत्येक भाग ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो, आणि भाषेचा ८० गुणांचा पेपर तीन तासांचा. वर्षभर दर पंचवीस मिनिटांनी उठलेलं मूल परीक्षेत पाऊण तासाने चुळबुळायला लागतं. पूर्वपरीक्षेत हे कळण्यापेक्षा डिसेंबरात कळलेलं बरं.

घड्याळ टेबलावरचं हवं, फोनमधलं नको. फोनमध्ये वेळ पाहायला गेलं की आधी दिसतात ते निरोप.

विश्रांतीची पाच मिनिटं पंचेचाळीस का होतात? कारण त्यात स्क्रीन येते, आणि रील्सना शेवट नसतो. ज्याला स्वतःचा शेवट आहे अशी विश्रांती हवी. बाटली भरून आणणं, गॅलरीतल्या झाडांना पाणी, जिना एकदा उतरून चढणं, लहान भावाशी दहा पावलांची शर्यत. बसून घेतलेली विश्रांती उठू देत नाही, म्हणून ती उभ्यानेच घ्यावी.

मधेच लक्ष उडणं हा काही गुन्हा नाही. "उद्या पीटीचा ड्रेस आहे", "चार्जर क्लासमध्ये राहिला", "तिला वाढदिवसाला काय द्यायचं" असे विचार येणारच. वहीच्या उजव्या हाताला एक पाठकोरा कागद ठेवायचा आणि विचार आला की तिथे दोन शब्दांत लिहून टाकायचा. लिहिलेलं विसरत नाही हे मनाला कळलं की ते तगादा सोडतं. दिवसाच्या शेवटी त्या कागदावरची कामं करायचीच, नाहीतर आठवड्यात त्या कागदावरचा भरवसा उडतो.

उदाहरण अडलं तर तीन मिनिटं स्वतः झगडायचं, मग समासात प्रश्नचिन्ह करून पुढच्याकडे जायचं. पण नुसतं प्रश्नचिन्ह पुरत नाही. शेजारी अडचण शब्दांत लिहायची: "तिसऱ्या ओळीत उण्याचं अधिक कसं झालं?" "मला हे कळलं नाही" असं सरांना सांगितलं की सर पूर्ण धडा पुन्हा समजावतात आणि अडलेली जागा तशीच राहते. नेमका प्रश्न विचारला की दोन मिनिटांत उत्तर मिळतं. एकेका अडलेल्या उदाहरणावर वीस वीस मिनिटं डोकं आपटणारी मुलं मेहनती दिसतात, पण दुसऱ्या दिवशी वहीजवळ यायला तीच कचरतात.

फोन, आणि फोनमधला अभ्यास

फोन नजरेआड हवा. उलटा ठेवलेला, आवाज बंद केलेला फोन टेबलावर असला तरी हात तिकडे जातो. आजीच्या खोलीत, फ्रिजवर, देवघराशेजारच्या कपाटात, कुठेही, फक्त उठून जावं लागेल इतक्या अंतरावर. उठावं लागलं की मधे विचाराला जागा मिळते.

खरी अडचण अशी की अभ्यासच फोनमध्ये आहे. गृहपाठ वर्गाच्या गटावर येतो, क्लासच्या चिठ्ठ्या तिथेच, प्रश्नपत्रिका तिथेच. म्हणून फोनचा आणि अभ्यासाचा वेळ वेगळा करायचा. साडेसहाला पंधरा मिनिटं फोन घेऊन बसायचं, त्या दिवसाचं जे काही आहे ते हाताने वहीत उतरवून घ्यायचं आणि फोन ठेवून द्यायचा. प्रश्नपत्रिका असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणायची. एका पानाला दोन-तीन रुपये जातात आणि एक संध्याकाळ वाचते. व्हिडिओ पाहायचा असेल तर कुठला आणि किती मिनिटांचा ते आधी कागदावर लिहायचं, शक्य असेल तर तो मोठ्यांच्या फोनवर किंवा घरातल्या कॉम्प्युटरवर पाहायचा. पाहताना हातात पेन हवं. पेन नसलेला व्हिडिओ म्हणजे करमणूकच. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग असतं, आयफोनमध्ये स्क्रीन टाइम. एकेका ॲपला रोजची मर्यादा तिथे घालता येते. ती मुलाला शेजारी बसवून, त्याच्याशी बोलून घाला. चोरून घातलेली मर्यादा चोरूनच निघते.

फोन हिसकावून घेऊ नका. हिसकावलेला फोन कधी परत मिळेल हे माहीत नसलं की मुलाचं सगळं लक्ष त्याच विचारात राहतं. "साडेनऊला मिळेल, साडेदहाला चार्जिंगला हॉलमध्ये" असं ठरवा आणि साडेनऊला स्वतः नेऊन द्या. आणि मूल बसलेलं असताना त्याच खोलीत आपण फोन पाहत बसू नये. हे मोठ्यांना सगळ्यांत अवघड जातं, पण करण्यासारखं आहे.

भिंतीवरचं रंगीत वेळापत्रक

जूनमध्ये घरोघरी वेळापत्रक होतं. पहाटे पाचला उठणे, साडेपाच ते सात गणित, अशी रंगीत रकान्यांची मोठी शीट. ते चार दिवस टिकतं, कारण त्यात मुलाचा खरा दिवस नसतोच. कामाला लागणारा वेळ आपण सगळेच कमी धरतो. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत पुरा होईल ते आधी विचारलं होतं. सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस, प्रत्यक्षात सरासरी लागले ५५.५. म्हणून आधी आठ दिवस फक्त मोजा, वेळापत्रक करू नका. एका सरावसंचाला किती मिनिटं लागली, एका टिपेला किती, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. मग त्या आकड्यांवरून आठवडा आखा, आणि दोन संध्याकाळी मुद्दाम कोऱ्या सोडा. पाहुणे येतात, ताप येतो, वीज जाते. कोरी संध्याकाळ नसलेलं वेळापत्रक पहिल्या पाहुण्याबरोबरच मोडतं आणि मोडलेलं वेळापत्रक पुन्हा कुणी उघडत नाही.

शाळा आणि क्लास सांभाळून घरी दोन तास खरा अभ्यास झाला, तर साध्या दिवशी तो भरपूर आहे. पाच तास टेबलाशी बसवून त्यातले सव्वा तास कामाचे, हा सौदा कुणाच्याच फायद्याचा नाही.

घड्याळाच्या वेळेपेक्षा एखाद्या कृतीला अभ्यास बांधला तर तो जास्त टिकतो. "सात वाजता बसेन" यापेक्षा "दूध पिऊन पेला मोरीत ठेवला की टेबलाशी जाईन". पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी "अमुक झालं की तमुक करीन" अशा संकल्पांचा पुष्कळ अभ्यास केला आहे. नुसत्या इराद्यापेक्षा असा बांधलेला इरादा जास्त वेळा पार पडतो, कारण ऐन वेळी ठरवायचं काही उरत नाही. क्लासहून उशीर झाला तरी पेला मोरीत जातोच, आणि अभ्यासही त्याच्या मागोमाग लागतो.

जागेचंही तसंच. एका खोलीच्या घरात वेगळं टेबल कुठून आणणार? पण भिंतीकडे तोंड करून टाकलेली एक चटई आणि एक पाट पुरतो, फक्त त्या चटईवर जेवण नको, फोन नको, झोप तर नकोच. टीव्ही चालू असेल तर पाठ टीव्हीकडे, आणि मालिकेच्या वेळेत प्रयोगवही. जवळ नगरपालिकेची किंवा मंडळाची अभ्यासिका असेल तर आठवड्यातून तीन दिवस तिथे जावं. शेजारी चारजण वाचत असले की आपलंही पान उलटतं.

वाचण्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. चालढकल करणारी पुष्कळ मुलं बसतात तेव्हाही खरं काम टाळतात. तोच धडा तिसऱ्यांदा वाचतात, पिवळ्या पेनाने निम्मं पान रंगवतात. वाचलेलं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं म्हणजे येतंय असा समज होतो. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली हेच दाखवलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने तपासलं तेव्हा पुस्तक मिटून आठवून लिहिणारे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून एकदा वाचून झालं की पुस्तक बंद आणि आठवेल ते कागदावर. आज, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने, प्रत्येक वेळी दहा मिनिटं. हे करताना त्रास होतो, आपल्याला किती कमी येतं ते दिसतं, आणि त्यामुळे हेच सगळ्यांत आधी टाळलं जातं. ते मुलाला आधीच सांगून ठेवावं: निम्मं आठवलं तरी काम झालं.

शिक्षकांसाठी एकच विनंती. गृहपाठाचं पहिलं उदाहरण तास संपण्यापूर्वीच्या पाच मिनिटांत वर्गातच सुरू करून द्या. घरी वही उघडल्यावर कोरं पान दिसणं आणि अर्धं सोडवलेलं उदाहरण दिसणं यात फार अंतर आहे. प्रकल्पाला एकच शेवटची तारीख देण्यापेक्षा तीन द्या: विषय आणि पाच प्रश्न, मग जमवलेली माहिती, मग पक्की वही.

बुडालेल्या दिवसानंतर

एखादा दिवस बुडणारच. बुडालेला अभ्यास दुसऱ्या दिवशीच्या अभ्यासावर चढवू नका. दोन दिवसांचं ओझं एका दिवसावर आलं की तोही दिवस बुडतो. कालचं काम कोऱ्या संध्याकाळी न्यायचं आणि आज आजचंच काम. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर वोल, पिचिल आणि बेनेट यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की पहिल्या परीक्षेपूर्वी चालढकल झाल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेपूर्वी कमी चालढकल केली. अपराधी वाटणं मुलाला पुन्हा त्याच वहीपासून दूर नेतं. म्हणून मावशीच्या मुलीला पंच्याण्णव टक्के पडल्याची आठवण, "तुझं काय होणार" हे वाक्य, जेवणाच्या ताटावरची चर्चा, हे सगळं थांबवा. "काल राहिलं. आज पहिली ओळ कुठली?" एवढंच बोला.

कौतुकही नेमकं असावं. "हुशार आहेस" यात मुलाच्या हाती काही लागत नाही. "आज अडल्यावर प्रश्न लिहून पुढे गेलास" यात लागतं.

काही मुलांची गोष्ट वेगळी असते. आवडीच्या खेळातसुद्धा नियम ऐकून घेईपर्यंत लक्ष टिकत नाही, घरी आणि शाळेत दोन्हीकडे तीच तक्रार, वस्तू रोज हरवतात, आणि हे बाराव्या वर्षाच्या आधीपासून चालू आहे, असं असेल तर ते लक्ष टिकवण्याच्या विकाराचं लक्षण असू शकतं. वाचताना ओळी निसटतात, अक्षरं उलटी पडतात, तोंडी सगळं येतं आणि लिहिताना काहीच येत नाही, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि त्याला वेळ जातो. दहावीच्या जानेवारीत धावपळ करण्यापेक्षा आठवी-नववीतच शाळेशी बोला. आणि जे मूल पूर्वी आवडीने करायचं तेही आता करेनासं झालं, झोप उडाली किंवा दिवसभर झोपूनच राहू लागलं, तर अभ्यासाचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. तिथे वेळापत्रकाचा काही उपयोग नाही.

बाकी सगळ्यांसाठी रोज रात्री करायचं एक काम, दोन मिनिटांचं. वही मिटण्यापूर्वी उद्याचं पहिलं उदाहरण उतरवून ठेवायचं आणि त्याची पहिली पायरी निम्मी सोडायची. जोड्या लिहायला घ्यायच्या, १ आणि ७२, २ आणि ३६, आणि तिथेच पेन ठेवायचं. वही त्याच पानावर उघडी, पेन वर, पुस्तक दप्तराबाहेर. उद्या पेला मोरीत गेला की समोर दिसेल ती ओळ: ३ आणि...